पक्ष्यांचे लाडू आणि आपली जयणा



थंडी सुरू झाली की पक्ष्यांसाठी घरी लाडू करायच्या कृती फोनवर फिरू लागतात. चरबी वितळवा, दाणे मिसळा, साच्यात ओता, झाडाला टांगा. आपल्याकडे चरबीऐवजी तूप किंवा पीनट बटर येतं, चिकटपणासाठी मध नाहीतर जिलेटिन. आणि याला आपण जीवदया म्हणतो. माझा याला साफ विरोध आहे.

आधी सामान बघा. मूळ कृतीतलं 'सूएट' म्हणजे गायी-बैलांच्या, मेंढ्यांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. मध तर चार महाविगईंपैकी एक. जे आपण पानात वाढत नाही, ते चिमणीच्या नावाने ओट्यावर कसं चालतं? लाडू विकत आणणार असाल तर पाकिटावरचे घटक वाचा.

"आम्ही नुसतं तूप-गूळ घालतो, मग काय हरकत?" हरकत हवामानाची आहे. ही कृती बर्फाच्या देशांतली. तिथे जमीन गोठते, किडे मिळत नाहीत, रात्र 15-16 तासांची असते. अंगात ऊब टिकवायला पक्ष्याला चरबी लागते. पालघर-बोईसरला पौषातही दुपारी पारा तिशीजवळ जातो. तुपाचा गोळा मऊ होऊन पिसांना लागतो, आणि तेलकट पिसं ऊब धरत नाहीत. गुळाला मुंग्या लागतात, संध्याकाळी आपणच त्या झाडतो. एका जिवाला भरवताना शंभरांना इजा, तीही गरज नसताना. यालाच अनर्थदंड म्हणतात.

गरज खरंच नाही. भात कापलेल्या शेतांत दाणे सांडलेले असतात, गवताला बी असतं. मुनिया, चिमण्या तिथे चरतात. दयाळ किडे वेचतो, शिंजिर फुलांतला रस पितो. त्यांना आपल्या लाडवाचा काय उपयोग?

कुणी म्हणेल, दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 मध्ये एवढा वाद झाला, आता तुम्हीही दाणे बंद करायला सांगता? नाही. अनुकंपा सोडायची नाही, ती जयणेने करायची. मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी ठेवा, कोरडी, निवडलेली. फरसाण, खाखरा, उरलेला फराळ नको, एवढं मीठ पक्ष्यांना सोसत नाही. उथळ मातीच्या भांड्यात गाळलेलं पाणी ठेवा आणि रोज बदला, म्हणजे डासांच्या अळ्या होणार नाहीत. सूर्यास्ताआधी दाणे उचला. चिमण्या रात्री खात नाहीत. उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि ओल लागली की त्यात जीव पडतात.

पाठशाळेत मुलांकडून असे लाडू करून घ्यायचा बेत असेल तर तो बदला. प्रत्येक मुलाला एक मातीचं भांडं द्या आणि ते रोज धुऊन भरण्याचा नियम घ्यायला सांगा, पहिला पाऊस पडेपर्यंत. चैत्र-वैशाखात डबकी आटतात, तेव्हा पक्ष्यांना आपल्या पाण्याची खरी गरज असते.