'आम्ही' आणि 'आपण' : सोसायटीच्या हरकतपत्राचे व्याकरण

प्रथमपुरुषी अनेकवचनात मराठीने एक भेद जपला आहे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजीला हा भेद ठाऊक नाही, प्रमाण हिंदीलाही नाही. व्याकरणाच्या तासाला तो दोन मिनिटांत सांगून आपण पुढे सरकतो. शहरी जीवनात मात्र त्याची खरी कसोटी लागते ती एका उपेक्षित गद्यप्रकारात. सहकारी गृहनिर्माण संस्थेचे हरकतपत्र हा तो प्रकार.

शेजारच्या भूखंडावर मोठा गृहप्रकल्प येऊ घातला किंवा विकास आराखड्यात फाटकाजवळून नवा रस्ता दाखवला गेला, की सोसायटीची व्यवस्थापन समिती सभा बोलावते, ठराव संमत होतो, सह्या गोळा होतात आणि पत्र महानगरपालिकेकडे रवाना होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने प्रारूप आराखड्यावर 'हरकती व सूचना' मांडण्याचा अधिकार नागरिकांना दिला आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना दाखल झाल्या. एकाच मजकुरावर इतक्या वाचकांनी लेखी अभिप्राय दिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाङ्मयव्यवहारात तरी आम्हांला आठवत नाही.

या लेखनाला कोणी हिणवावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ढोबळ चुकांवर नागरिक, वास्तुतज्ज्ञ आणि स्थानिक संघटना तुटून पडल्या, आणि अवघ्या दोन महिन्यांत राज्य सरकारला तो मागे घेऊन नव्याने करायला सांगावे लागले. सुधारित आराखडा २०१८ साली मंजूर झाला. हरकतीत एवढे बळ असते. रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरणारे आजोबा, शाळेच्या बसची वाट पाहत धूर गिळणारी मुले, चार पदरी कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका हे सगळे खरे आहे, आणि ते कोणीतरी लिहिलेच पाहिजे.

प्रश्न आहे तो त्या लेखनातील 'आम्ही'चा. 'आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी' अशी सुरुवात होते. मग भूतकाळ येतो: वसाहत शांत होती, झाडे होती, संध्याकाळी फिरता येत होते. वर्तमानात कोंडी आणि भविष्यात सर्वनाश. हा विलापिकेचा घाट आहे. त्यात एक तारीख हमखास गाळलेली असते. हे 'आम्ही' इथे केव्हा आलो, ती तारीख.

पुण्यापुरते बोलायचे तर १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील बिऱ्हाडे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. बाणेर, बालेवाडीसारखी गावे १९९७ साली महापालिकेत आली. सूस, म्हाळुंगे २०२१ मध्ये आली. प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या तरी शेतावर, माळावर वा टेकडीच्या पायथ्याशी घरे उठली. त्या त्या वेळी आलेली माणसे आधीच्यांच्या दृष्टीने 'गर्दी'च होती. शेवटच्या इमारतीत राहायला गेलेल्या कुटुंबाने पुढच्या इमारतीला हरकत घ्यावी, हे मानवी आहे. परंतु त्या हरकतीला इतिहासाची जाणीव नसेल, तर तिचे रूप आत शिरल्यावर दार लावून घेण्याचे होते.

दुसरा पेच याहून अवघड आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत वाढीव चटईक्षेत्र बव्हंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. त्यामुळे शेजारच्या मनोऱ्याविरुद्ध सह्या करणारी सोसायटीच काही वर्षांनी स्वतःच्या पुनर्विकासाचा ठराव करते, आणि तेव्हा तिला रस्ता रुंद हवा असतो. रुंद रस्ता हवा, पण त्यावरची वाहने नकोत. वाढीव मजले हवेत, पण शेजाऱ्याचे नकोत. प्रत्येक सदनिकेला दोन मोटारींची जागा मागणारी सभा पुढच्याच विषयात वाहतूककोंडीचा निषेध नोंदवते. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल वाहतुकीसाठी बांधले गेले आणि २०२० साली, मेट्रो व नव्या दुमजली पुलाच्या सोयीसाठी, पाडलेही गेले. या चक्राचे खापर केवळ नियोजनकारांच्या माथी फोडता येणार नाही. अधिक पुलांची मागणी करणाऱ्या निवेदनांवर सह्या आपल्याच असतात.

'आम्ही'तून आणखी कोण वगळले जाते? भाडेकरू फार तर 'नाममात्र सभासद' असतो आणि नाममात्र सभासदाला मत नसते. पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बाया, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला यांचा दिवस याच रस्त्यावर जातो, आणि बहुतेकांचा पायी. कोंडीची, तुटलेल्या पदपथाची, न येणाऱ्या बसची झळ त्यांना सर्वाधिक बसते. हरकतपत्रात मात्र त्यांचा उल्लेख असलाच तर 'अनोळखी व्यक्तींची वर्दळ' असा असतो.

यावर कोणी म्हणेल की सोसायटी ही सभासदांची संस्था आहे, शहराचा संसार तिने का करावा? आक्षेप रास्त आहे. १९६०च्या सहकारी संस्था कायद्याने तिच्यावर सभासदांची जबाबदारी टाकली आहे, शहराची नव्हे. पण रस्ता सभासदांचा नसतो. त्याविषयी बोलायला उभी राहताच संस्था आपल्या कुंपणाबाहेर आलेली असते, आणि कुंपणाबाहेरची भाषा 'आपण'ची असावी लागते. व्यवहारातही याचा लाभच आहे. 'आमच्याकडे नको' म्हणणारी चाळीस पत्रे सुनावणीत एकमेकांना छेद देतात, कारण प्रत्येकाने रस्ता शेजाऱ्याच्या दारात ढकललेला असतो. चाळीस सोसायट्यांनी मिळून सलग पदपथ, बसची वारंवारता आणि पाणी-सांडपाण्याच्या क्षमतेनुसारच बांधकाम परवानगी मागितली, तर ते नाकारणे कोणत्याही समितीला जड जाईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. हरकतपत्रात तीन गोष्टी प्रामाणिकपणे लिहाव्यात: आपली वसाहत कोणत्या वर्षी व कशावर उभी राहिली, आपल्या आवारातून रोज किती वाहने बाहेर पडतात, आणि या रस्त्याने पायी येणारी माणसे कोण आहेत. ही माहिती हरकत दुबळी करणार नाही. तिच्यावर विश्वास ठेवणे उलट सोपे होईल.

साहित्याच्या अध्यापकांनी या कागदांकडे पाठ फिरवू नये. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'ने (१९५८) एका सामूहिक जगण्याला वाङ्मयात जागा दिली. सोसायटीचे सामूहिक जगणे आज ठरावांत आणि निवेदनांत लिहिले जात आहे. ते वर्गात वाचायला घ्यावे. सर्वनामाच्या निवडीने कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो, हे कळायला याहून जवळचा पाठ मिळणार नाही.