लिंक चालू, कमिशन बंद

‘घरबसल्या कमवा’ ही पाटी आपल्याला नवी नाही. पापड, विडी, शिलाई, फॉल-बिडिंग, सगळी कामं याच पाटीखाली बाईच्या घरात शिरली. आता त्यात लिंकची भर पडली आहे. बाई कुकरबद्दल, पाळण्याबद्दल, मुलांच्या बुटांबद्दल मन लावून लिहिते आणि खाली दुकानाची लिंक देते. त्यावरून कुणी खरेदी केली तर तिला टक्केवारीने कमिशन. तिला ‘ॲफिलिएट’ म्हणतात. काम विक्रेतीचं, पण पगार नाही, जागा नाही, वीजबिलही तिचंच. हे काम पुरुषही करतात, पण मुलं झोपल्यावर रात्री अकराला लिहायला बसणारी बहुधा बाईच असते.

असंघटित बायकांबरोबर काम करताना मी एक बघत आले आहे. काम कसं मिळतं यापेक्षा ते कसं थांबतं, यावरून मालक कळतो.

अमेरिकेत ही पद्धत चांगली रुजलेली आहे, म्हणून तिथलीच उदाहरणं घेते. जून २०११ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की तुमचे ॲफिलिएट आमच्या राज्यात बसून तुमचा माल खपवतात, तेव्हा विक्रीकर भरा. गव्हर्नरांनी सही केली त्याच दिवशी, २९ जूनला, ॲमेझॉनने तिथल्या ॲफिलिएटांचे करार तोडले. सप्टेंबरमध्ये सरकारशी तडजोड झाल्यावर त्यांना पुन्हा बोलावलं. भांडण सरकारचं आणि दुकानाचं होतं. चूल विझली तिसऱ्याचीच.

दुसरं उदाहरण एप्रिल २०२० चं. कोरोनामुळे माणसं घरात कोंडलेली, खरेदी ऑनलाइन. १३ एप्रिलला ॲमेझॉनने आणखी ७५,००० माणसं कामावर घेणार असल्याचं जाहीर केलं, म्हणजे धंदा बुडत नव्हता. दुसऱ्याच दिवशी ॲफिलिएटांना कळवलं की २१ तारखेपासून दर कमी. फर्निचरवर ८ टक्क्यांचे ३, किराण्यावर ५ चा १. मुदत एका आठवड्याची. त्याच सुमारास इतर काही बड्या दुकानांनी तर आपले कार्यक्रमच स्थगित केले.

यात मला एक गोष्ट फार खटकते. कारखान्यातून पान-तंबाखू आला नाही की विडी वळली जात नाही आणि मालकाचीही विक्री थांबते. इथे तसं नाही. बाईने तीन वर्षं लिहिलेले लेख जागेवरच राहतात, वाचक येत राहतात, लिंकवरून दुकानात जातात. दुकान विकतं, बाईला काही नाही. तिचे जुने श्रम फुकट वापरले जातात, आणि हे थांबवायचं तर एकेक लिंक तिनेच काढत बसायचं!

‘ती कामगार नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे, धंद्यात जोखीम असतेच,’ असं उत्तर मिळतं. विडी मालकही हेच म्हणत होते. बाई आपल्या घरी बसून वळते, ती आमची नोकर कशी? तरी १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी वळणारीला कामगार मानलं आणि सहा महिने काम केलेल्याला काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढी मजुरी द्या असं बजावलं. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ मध्ये कायदा टिकला. (आता तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे.) आणि दर एकटा मालक ठरवतो, अटी तोच बदलतो, करार तोच मोडतो, तर यातलं ‘स्वतंत्र’ नेमकं काय, हे मला कुणी समजावून सांगावं.

आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आहे, कल्याण निधीची तरतूद आहे. पण दर रातोरात कापला तर दाद कुठे मागायची, यावर ती गप्प आहे. कर्नाटकने २०२५ च्या आपल्या कायद्यात गिग कामगारांच्या करारातला बदल १४ दिवस आधी कळवण्याची अट घातली. महाराष्ट्रात असा कायदा मागताना आपल्या संघटनांनी लिंकवाल्या बायकांना यादीबाहेर ठेवू नये. किमान ३० दिवसांची नोटीस, थकलेलं कमिशन पूर्ण, आणि जुन्या लिंकवरून विक्री होत राहील तोवर तिचा वाटा, एवढं तरी त्यात हवं.

तोवर, मैत्रिणींनो, दर महिन्याच्या एक तारखेला दराचं पान आणि जमा रकमेचा हिशेब छापून फाइलला लावत जा. विडीवालीकडे निदान मालकाचं कार्ड तरी असायचं.