मुखपृष्ठावरचे थर आणि आकार

मराठी समीक्षेत 'अर्थाचे अनेक थर' हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झाला आहे, की तो करणारा काही विधान करीत आहे असे आता कुणाला वाटतही नाही. फोटोशॉपसारख्या प्रणालीत मात्र 'लेयर' म्हणजे थर ही संज्ञा अतिशय काटेकोर आहे. कोणता थर कोणाच्या वर, तो किती टक्के पारदर्शक, त्याचा कोणता भाग झाकलेला, हे तिथे नेमके ठरवावेच लागते. साहित्याच्या विद्यार्थ्याने या प्रणालीकडे पाहावे असे मला वाटते, ते मात्र केवळ या शिस्तीसाठी नव्हे. आपल्या हाती येणाऱ्या अनेक मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे आज याच पद्धतीने घडतात, आणि मुखपृष्ठ हे त्या पुस्तकाचे पहिले वाचन असते. हे वाचन अलीकडे भित्रे होत चालले आहे, अशी माझी तक्रार आहे.

थरांची कल्पना संगणकाने जन्माला घातलेली नाही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे, आणि ते सारे दगड एकाच कागदावर एकामागून एक उमटवले की लक्ष्मी-सरस्वतीचे चित्र पुरे होई. तिथे एक रंग वाढवायचा म्हणजे एक दगड, काही दिवसांचे श्रम आणि खर्च वाढवणे होते. पुढे ब्लॉकच्या छपाईतही रंग मोजूनच वापरावे लागत. फोटोशॉप बाजारात आले १९९० साली. त्यात थरांची सोय १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत झाली, अक्षरांना सावली आणि उठाव देणारे तयार परिणाम १९९८च्या पाचव्या आवृत्तीत आले, आणि कितीही मोठे केले तरी कडा न फाटणारे भौमितिक आकार २०००च्या सहाव्या आवृत्तीत. तेव्हापासून नवा थर एका क्लिकचा धनी आहे. त्याला किंमत उरली नाही, आणि म्हणून 'हा थर कशासाठी?' असे विचारण्याची गरजही उरली नाही.

समजा, दुष्काळावरची एक कादंबरी आहे. तिचे सर्वपरिचित मुखपृष्ठ कुणीही डोळ्यांसमोर आणू शकेल. तळाला भेगाळलेली जमीन, तिच्यावर चाळीस टक्के पारदर्शक केलेला सुरकुतलेला चेहरा, त्यामागे तांबूस आकाश, कोपऱ्यात वाळके झाड, आणि एकाची कड दुसऱ्यात विरघळवण्यासाठी सगळीकडे पसरलेले धुके. चित्रकाराने काहीच नाकारलेले नाही. शेतकरी आहे, जमीन आहे, आभाळ आहे; कादंबरी कशाविषयी आहे याची ती यादीच आहे. परंतु ती कादंबरी दुष्काळाकडे कोणत्या जागेवरून पाहते, याविषयी मुखपृष्ठ मौन पाळते. पारदर्शकता ही इथे तडजोड आहे. सर्वांना थोडीथोडी जागा दिली, की कुणाला निवडल्याची जबाबदारी येत नाही.

आता याच प्रणालीतले दुसरे साधन घ्यावे. पांढऱ्या कोऱ्या पृष्ठावर एकच लंबवर्तुळ काढले आणि भेगाळलेल्या जमिनीचे छायाचित्र त्याला 'क्लिपिंग मास्क'ने जोडले, तर ते छायाचित्र फक्त त्या आकारापुरते दिसते. ती विहीर होते, काठावरून आत वाकून पाहिलेली. छायाचित्राचा उरलेला भाग पुसला गेलेला नसतो. तो तिथेच असतो, केवळ दाखवलेला नसतो. मास्कची ही कल्पना मला फार साहित्यिक वाटते. कथेत लेखकाला ठाऊक असलेले, पण निवेदकाने न सांगितलेले जे असते, त्याचीच ही दृश्य जात. आकाराला कड असते, आणि कड काढायची म्हणजे काय आत आणि काय बाहेर हे ठरवावे लागते.

याचा अर्थ पारदर्शक थर सरसकट वाईट असा नव्हे. 'मल्टिप्लाय' नावाच्या मिश्रणात वरच्या थरातला पांढरा रंग नाहीसा होतो आणि काळा तसाच उरतो. म्हणजे जुन्या पत्राचा कागद वगळून फक्त त्यावरची शाई एखाद्या छायाचित्रावर उतरवता येते. स्मृतींवर उभ्या असलेल्या आत्मकथनाला हे शोभून दिसेल, कारण तिथे एका काळातून दुसरा काळ दिसणे हाच विषय असतो. परिणाम आशयातून आला आहे की मेनूतून, एवढाच प्रश्न आहे.

(थरांचा सर्वांत अर्थपूर्ण वापर आपल्याकडे कुठे होत असेल तर तो चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, असे कधीकधी वाटते. कोणाचा चेहरा मोठा, कोण कोणाच्या पुढे, कोण तळाच्या रांगेत पासपोर्ट फोटोएवढा, हे तिथे कमालीच्या गांभीर्याने ठरते. तिथला थरक्रम हाच अधिकारक्रम असतो, आणि तो चुकला तर फ्लेक्स उतरवावा लागतो!)

शीर्षकाच्या अक्षरांचे काय होते, हा भाषेच्या अध्यापकाने अधिक मनावर घ्यावा असा भाग आहे. सावली, उठाव, सोनेरी किनार हे तयार परिणाम रोमन अक्षरे कशीबशी सोसतात. देवनागरीत 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' यांच्या पोटातली पोकळी आधीच अरुंद असते. बाहेरून आणि आतून किनार चढली की ती बुजते, शिरोरेषा फुगून वेलांटीला भिडते आणि अनुस्वार रफारात मिसळतो. भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-रचना निवडलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पलीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरे हलन्त होऊन सुटी उभी राहतात. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे शीर्षक दुसरीकडे जुळवून ते आकारात रूपांतरित करून आणणे. त्यानंतर ते अक्षर राहत नाही, चित्र होते. मग मुद्रितशोधकाने मुखपृष्ठावरची दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करायला सांगितली, तर शीर्षक पुन्हा जुळवण्यापासून सुरुवात करावी लागते. आणि पुस्तक उद्या छापायला जायचे असेल, तर चूक तशीच राहते.

मुखपृष्ठकारांना मिळणारा वेळ आणि मोबदला तुटपुंजा असतो, प्रकाशकाला 'भरलेले' मुखपृष्ठ हवे असते, हे आक्षेप खरे आहेत. परंतु एक आकार काढायला पाच थर रचण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. आधी पुस्तक वाचायला मात्र लागतो. तो वेळ प्रकाशकाने द्यायला हवा, आणि परीक्षणे लिहिणाऱ्या आपणही मुखपृष्ठाला 'समर्पक' या एका विशेषणावर वाटेला लावणे थांबवायला हवे. समर्पक म्हणजे कशाला समर्पक, हे निदान एका वाक्यात सांगावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. छापखान्याकडे जाताना सारे थर एकत्र दाबून एकसपाट प्रत केली जाते. मूळ थरांची फाइल कुणाच्या तरी संगणकात पडून राहते, आणि तो संगणक बदलला की जाते. हस्तलिखितातल्या खाडाखोडीवरून आपण लेखकाची निर्मितीप्रक्रिया अभ्यासतो; मुखपृष्ठकाराची खाडाखोड त्या फाइलीत असते, लपवलेल्या थरांसह. ग्रंथालयांनी आणि प्रकाशकांनी ती मुखपृष्ठकाराच्या नावानिशी जपावी. एका डिस्कवर शेकडो फाइली मावतात.