क्रोशाने विणलेली पळसाची डहाळी

फाल्गुनात भिलाईहून कोणत्याही दिशेस दोन-चार कोस गेले, की शेतांच्या बांधांवर पळस फुललेला दिसतो. डहाळ्यांवर पानांचा मागमूस नसतो, नुसती केशरी फुले. महिन्याभरात तो बहर मातीस मिळतो. घरात तो वर्षभर राहावा म्हणून या वेळी पळसाची डहाळी विणू या. फुलांच्या जोडीस पाने घेण्याचे स्वातंत्र्य आपण घेऊ.

येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि नाना प्रांतांतली कुटुंबे सेक्टरांतून एकमेकांची शेजारी झाली. आमच्या ओळीत गोदावरीकाठच्या नरसापूर भागातील एक वयस्क बाई होत्या. त्यांना मराठी येत नसे, मला तेलुगू. पण टाका चुकला की त्या माझे बोट धरीत. फुले-पाने सुटी विणून मागाहून जोडण्याची रीत मी त्यांच्याकडूनच शिकले. आयर्लंडातही १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात अशीच सुटी फुले-पाने जाळीने सांधून केलेल्या लेसच्या विक्रीवर कित्येक घरांची चूल पेटत असे.

वीस नंबरचा सुती दोरा केशरी, हिरवा व गडद तपकिरी अशा तीन रंगांत घ्यावा. केशरी दोऱ्याचा एक तुकडा आधी पांढऱ्या फडक्यावर ओला करून पाहावा. ही खबरदारी न घेतल्याने माझा एक टेबलक्लॉथ कायमचा गुलाबी झाला.

पळसाला पाने तीनच, हे आपण जाणतोच. बाजूच्या पानासाठी १३ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत १ मुका खांब, मग पुढील साखळ्यांत क्रमाने १ अर्धा खांब, २ खांब, ३ दुहेरी खांब, २ खांब, १ अर्धा खांब व १ मुका खांब विणा. शेवटच्या साखळीत १ मुका खांब, २ साखळ्या, १ मुका खांब घातला की टोक तयार होते. आता साखळीच्या दुसऱ्या कडेने तोच क्रम विणत परत या. मधले पान जरा मोठे असते. त्यास १५ साखळ्या घेऊन दुहेरी खांब ३ ऐवजी ५ करा.

फुलाची गंमत त्याच्या बाकात आहे. पोपटाच्या चोचीसारख्या या आकारावरूनच संस्कृतात त्यास किंशुक म्हटले. ११ साखळ्या घालून एकाच कडेने विणा: २ मुके खांब, २ अर्धे खांब, पुढील ४ साखळ्यांत प्रत्येकी दोन खांब, १ अर्धा खांब, १ मुका खांब. मधले टाके दुप्पट झाल्याने पाकळी आपोआप वळते. तिला ताणून सरळ करू नये. अशा चार पाकळ्या करून त्यांतली एक मागे झुकवावी. तपकिरी दोऱ्याच्या ४ साखळ्यांचे कडे करून त्यात ८ मुके खांब घाला, वर तशाच दोन फेऱ्या घ्या आणि त्या वाटीत पाकळ्या टाचा.

पानांच्या पाठीमागे बारीक तार शिवून तिचीच डहाळी करावी व तीवर तपकिरी दोरा गुंडाळावा. कडकपणासाठी भाताची पेज लावावी. पुष्कळ जणी साखरेचा पाक लावतात. तो चकाकतो खरा, पण पावसाळ्यात मुंग्या पाहुण्यांच्या आधी येतात.

शेजारच्या बाईंच्या गावी व्यापारी दोरा देत आणि तुकड्यावर पैसे मोजत, असे त्यांच्या सुनेने मला एकदा सांगितले होते. पुढे मारिया मीस या विदुषीने नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर लिहिलेला ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी जाणारा तो माल विणण्यात दिवसाचे कित्येक तास जात. पण ते घरबसल्या, फावल्या वेळचे काम ठरवल्याने मजुरी अगदी तुटपुंजी राही, असे तीत दाखवले आहे. ओळखीच्या कोणी तोरण करून मागितले, की आपणही बहुधा दोऱ्याचेच पैसे सांगतो. मीही सांगत असे. हल्ली वहीत दोऱ्याच्या किमतीसमोर तासही लिहिते. तीन फुले व दोन पानजुड्या असलेल्या या डहाळीस मला नऊ तास लागले. हात नवखा असेल तर बारा धरावेत.