माऊस ठेवला कामाला

फ्रीलान्सिंग म्हणजे पायजम्यात बसून काहीतरी क्रिएटिव्ह लिहिणं, असं आमच्या मास कॉमच्या अख्ख्या बॅचला वाटायचं. आता मला मिळालेलं काम ऐका. जुने 4,000 फोटो. स्क्रीनवर फोटो येणार, खाली कॅप्शन. दोन्ही जुळतंय ना ते बघायचं, 'मंजूर'वर क्लिक करायचं, पुढचा फोटो. प्रत्येकी 5 सेकंद धरले तरी साडेपाच तास, तेही न थांबता! सातशेव्या फोटोला माझं मनगट बोंबलायला लागलं.

रूममेट आयटीवाली. "अगं बये, हे हाताने करतेयस?" म्हणाली आणि ऑटोहॉटकी डाउनलोड करून दिलं. विंडोजवर चालतं, फुकट आहे आणि 2003 पासून आहे. नोटपॅडमध्ये चार-सहा ओळी लिहायच्या, फाइलच्या नावाला 'एएचके'चं शेपूट लावायचं, की झाला प्रोग्रॅम. एफ6 दाबलं की 'लूप' सुरू. त्याच्या पोटात दोनच गोष्टी, 'क्लिक' आणि 'स्लीप'. माऊसचा बाण असेल तिथे तो क्लिक करतो, डुलकी काढतो, परत क्लिक करतो. बास.

मी लिहिलं 'स्लीप 5'. पाच सेकंद, नाही का? छे! ते असतात मिलिसेकंद. सेकंदाला डझनांनी क्लिक सुटले. बंद करायला बाण हलवला, तर वाटेत येईल त्यावर क्लिक. एडिटरसाठी अर्धवट लिहून ठेवलेला मेल गेलासुद्धा! आणि थांबवायचं बटण मी ठेवलंच नव्हतं. शेवटी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. त्या पडद्यावर असल्या प्रोग्रॅमचे क्लिक पोचत नाहीत. तिथून साइन आउट केलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

"थांबायची ओळ आधी लिहायची गं," रूममेट म्हणाली. एस्केप, दोन कोलन, 'एक्झिटॲप'. एवढीच ओळ.

दुसऱ्या खेपेला स्लीप 5000. मस्त लयीत चाललं. मी चहा टाकला, फोनवर गप्पा हाणल्या, वीस मिनिटांनी आले. 240 फोटो मंजूर. सॉलिड! आणि समोर 241वा. कॅप्शन साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाची, फोटो शोकसभेचा.

पोटात गोळाच आला. मागच्या 240 मध्ये असे किती? मी तर एकही बघितला नव्हता, आणि पैसे बघण्याचेच होते. 2024 मध्ये अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचं नुसतं भासवणाऱ्या डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं होतं. ती बातमी वाचून मी खो खो हसले होते.

मग एक ओळ वाढवली. एफ8ला 'पॉज -1', म्हणजे दाबलं की थांब, परत दाबलं की चालू. आता क्लिक तो करतो, मी हात मांडीवर ठेवून फोटो बघते आणि गडबड दिसली की एफ8. मनगट खूश. डोळ्यांचं मात्र काम वाढलंय, कारण तो पाचव्या सेकंदाला कुणासाठी थांबत नाही.

ते 240 परत उघडून बघितले. 9 चुका निघाल्या. एडिटरना फोन करून सगळं सांगून टाकलं, अगदी चहासकट. पलीकडे जरा वेळ शांतता.

"बरं झालं सांगितलंस," सर म्हणाले. "आणि हो, तो तुझा 'सर, माझं पेमेंट' एवढाच लिहिलेला मेल मिळाला."