चाकाखालचा धोंडा

गेल्या महिन्यात आम्ही आठ दिवस पालघरजवळ कोळगावला भाच्याकडे राहून आलो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याचे मुख्यालय या कोळगावातच, पालघर-बोईसर रस्त्यावर आहे. त्यामुळे एकीकडून कचेरीच्या कामाची माणसे आणि दुसरीकडून तारापूरच्या कारखान्यांत पाळीला निघालेले कामगार, अशी रस्त्याला सदा रहदारी. भाच्याची नोकरी बोईसरला. गाव बघावे म्हणून आम्हीही रोज त्याच्या मोटारसायकलवर मागे बसायचो.

काय सांगावे! रिक्षावाला प्रवासी दिसला की जागच्या जागी थांबणार; हात नाही की दिवा नाही. मागून बस भोंगा वाजवीत अंगावर येणार. खड्डा चुकवायला समोरचा आपल्या बाजूला घुसणार आणि वर आपल्याकडेच डोळे वटारून बघणार. अंधार पडल्यावर तर समोरच्या गाडीचा झोत खाली होतच नाही. भाचा म्हणाला, "मामा, हे रोजचंच हाय. तुम्ही घट्ट धरून बसा." आम्ही बसलो, पण तोंड काही गप्प बसेना.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी भाच्याने करकचून ब्रेक दाबला. रस्त्यात भलामोठा धोंडा! कुणाची तरी गाडी बंद पडली असणार, चाकाला उटी लावली असणार आणि काम झाल्यावर धोंडा तिथेच टाकून स्वारी पसार. "कुठल्या गाढवाचं काम हे?" आम्ही ओरडलो आणि लगेच गप्प झालो.

कारण गेल्या हंगामात आमच्याच उसाच्या ट्रॉलीचा टायर वळणावर फुटला होता. चार धोंडे लावले, टायर बदलला, गाडी कारखान्याकडे गेली. आम्ही तिथेच उभे होतो. ऊस वाळेल, वजन घटेल, एवढीच काळजी. धोंड्यांकडे बघितलेसुद्धा नाही.

दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला, मागचा दिवा पाचटाआड, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रात्री काय दिसणार? ड्रायव्हरला खेपेची घाई असते, यार्डात नंबर लावायचा असतो, हे आम्हाला मान्य आहे. पण "वाहतूकदार कारखान्याचा, आपल्याला काय?" हे सभासदांचे बोलणे आम्हाला पटत नाही. फडातून गाडी निघते ती आपल्या डोळ्यांदेखत.

मागे लाल रिफ्लेक्टरचे कापड नसेल तर वजनकाट्यावर त्या गाडीला नंबर देऊ नये, असा विषय आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. वाहतूकदार कुरकुर करतील, करू देत. कापडाचा खर्च कारखान्याने सोसावा, असे आमचे मत आहे.

कोळगावहून आल्यावर आम्ही त्या वळणावर जाऊन आलो. चारांपैकी तीन धोंडे कुणीतरी गटारीत ढकलले होते. चौथा अजून साइडपट्टीवरच होता. तो उचलून बांधाला टाकला.