परदेशी तराजूत आपली पदवी

कार्तिकी पौर्णिमा उलटून साधुसाध्वींचे विहार सुरू झाले की घरोघरी चार महिने बाजूला ठेवलेले निर्णय पुन्हा बैठकीत येतात. कोणाचे लग्न, कोणाचा नवा गाळा, कोणाच्या शिक्षणाचा खर्च. अलीकडे या यादीत कॅनडाची भर पडली आहे. सांगलीच्या हळदबाजारातील एका अडत पेढीच्या घरीही गेल्या दिवाळीनंतर हाच विषय निघाला. मुलगा चौतीस वर्षांचा, सून एकतीस पूर्ण केलेली, पदरी एक मुलगी. मुलाच्या दोन मित्रांची कुटुंबे टोरांटोजवळ स्थिरावलेली. ‘आपणही अर्ज करून पाहावा,’ असे मुलाने वडिलांपुढे मांडले. अण्णांनी नकार दिला नाही. ‘कागद काय काय लागतात ते आधी पाहा,’ एवढेच ते म्हणाले.

कागदांच्या यादीत दुसराच शब्द होता शैक्षणिक मूल्यांकनाचा, आणि घराला खरी ओळख झाली ती त्याची.

कॅनडाची ‘एक्स्प्रेस एंट्री’ ही पद्धत जानेवारी २०१५ पासून चालू आहे. कुशल कामगार म्हणून कायम वास्तव्याचा अर्ज करणाऱ्याचे वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव या साऱ्यांना गुण दिले जातात आणि अधिक गुणांच्या उमेदवारांना सरकार बोलावते. शिक्षण कॅनडाबाहेर झाले असेल, तर तेथील सरकार आपल्या पदवीकडे थेट पाहत नाही. सरकारने नेमलेली एखादी संस्था ती पदवी तपासते आणि ती कॅनडातील कोणत्या पातळीच्या शिक्षणाबरोबर बसते याचा अहवाल देते. कुशल कामगार योजनेसाठी हा अहवाल २०१३ पासून सक्तीचा आहे. आपल्याकडील बहुतेक अर्जदार वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस या संस्थेकडे जातात. टोरांटो विद्यापीठाचा तुलनात्मक शिक्षण विभाग, ब्रिटिश कोलंबियातील तंत्रशिक्षण संस्थेची मूल्यांकन सेवा अशा इतरही मान्य संस्था आहेत. डॉक्टरांना मात्र कॅनडाच्या मेडिकल कौन्सिलकडेच जावे लागते. औषधनिर्माता म्हणून काम करण्याचा दावा असेल तर फार्मसी परीक्षा मंडळाकडे. आपल्या समाजात मेडिकल दुकाने पुष्कळ आहेत. बी.फार्म. झालेल्या मुलाने चुकीच्या संस्थेकडे शुल्क भरले तर ते शुल्क आणि तेवढे महिने, दोन्ही बुडीत खाती जातात.

अर्जात प्रथम विचारले जाते की मुख्य अर्जदार कोण. या घरी तो प्रश्न कोणाला प्रश्न वाटलाच नाही. मुलाचे नाव लिहिले गेले. पुण्याच्या एका सल्लागारानेही काही न विचारता तसेच फॉर्म भरून ठेवले.

मुलाचे शिक्षण असे होते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असताना अण्णांची हृदयशस्त्रक्रिया झाली. पेढी कोणी तरी उघडायला हवी होती. त्याने कॉलेज सोडले ते सोडलेच. पुढे आयात-निर्यातीचा एक वर्षाचा डिप्लोमा त्याने एका खासगी क्लासमध्ये केला. त्याचे प्रमाणपत्र चौकट करून गादीमागच्या भिंतीवर लावलेले आहे. मूल्यांकनाच्या तराजूत यातले काय टिकते? अर्धवट सोडलेली पदवी ही पदवी धरली जात नाही. पूर्ण झालेले शिक्षणच मोजले जाते. आणि ज्या देशात शिक्षण झाले तेथील अधिकृत मान्यता ज्या संस्थेला नाही, तिच्या प्रमाणपत्राला परदेशी मूल्यमापक वजन देत नाही. चौदा वर्षे कोट्यवधींचा माल तोलणारा हा गृहस्थ कागदावर बारावी उत्तीर्ण ठरला.

सून एम.कॉम. आहे. तीन वर्षांची बी.कॉम., दोन वर्षांची एम.कॉम., दोन्ही नियमित वर्गांतून. लग्नाच्या परिचयपत्रकात ही गोष्ट ठळक अक्षरांत छापलेली होती. नंतर तिचा उल्लेख करण्याची वेळ फारशी आली नाही.

गुणांचा हिशोब एके रात्री तिनेच कागदावर मांडला. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला बारावीसाठी २८ गुण मिळतात, पदवीसाठी ११२, पदव्युत्तर पदवीसाठी १२६. जोडीदाराच्या शिक्षणाला वेगळे, पण थोडे गुण असतात : बारावीला २, पदवीला ८, पदव्युत्तरला १०. मुलगा मुख्य अर्जदार राहिला तर शिक्षणाचे २८ आणि १० मिळून ३८ होत होते. तिचे नाव पुढे आले तर १२६ आणि २ मिळून १२८. नव्वद गुणांचा फरक. त्याआधी ओलांडावी लागणारी पात्रतेची पायरी वेगळी आहे. तेथे १०० पैकी ६७ लागतात आणि शिक्षणाला २५ असतात. त्यातही बारावीला ५ आणि पदव्युत्तर पदवीला २३.

अण्णांनी तो कागद दोनदा वाचला. व्यापाऱ्याला आकडा समजावून सांगावा लागत नाही. ‘मग सूनबाईंच्या नावाने करा,’ ते म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. अनेकान्ताचा अभ्यास करणाऱ्या घरांतही कुटुंबप्रमुख कोण या प्रश्नाला एकच नय लावण्याची सवय असते. ती मोडायला कधी कधी परक्या सरकारचा तक्ता लागतो.

नाव ठरले आणि नावाचीच अडचण पुढे उभी राहिली. सुनेच्या माहेरचे आडनाव एक. शाळेत घालताना तिच्या आजोबांनी ‘जैन’ लिहिले. त्यामुळे दहावीपासून एम.कॉम.पर्यंतच्या सर्व गुणपत्रिकांवर ‘जैन’. आधार कार्डावर आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचे खरे आडनाव. पारपत्रावर पतीचे नाव व सासरचे आडनाव. एकाच व्यक्तीची तीन नावे आणि त्यांना जोडणारा कागद एकच, तोही अर्धाच जोडणारा. आपल्या समाजात हा प्रकार इतका सर्रास आहे की तो दोष कोणाला वाटतच नाही. एका भावाच्या मुलांचे आडनाव शाह, दुसऱ्याच्या मुलांचे जैन, तिसऱ्याने गावावरून घेतलेले. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला मात्र गुणपत्रिकेवरील मुलगी आणि अर्जावरील बाई एकच आहे याचा कायदेशीर पुरावा हवा असतो. महाराष्ट्रात नावातील बदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करता येतो. त्या मार्गाने ‘जैन’ आणि माहेरचे आडनाव जोडले गेले, आणि विवाहाच्या दाखल्याने सासरचे. यात कित्येक आठवडे गेले. ज्यांच्या घरी आज मूल बालवाडीत जात आहे त्यांनी प्रवेशअर्जावरील आडनावाकडे एकदा शांतपणे पाहावे.

आठवडे महत्त्वाचे का, तर वयामुळे. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला २९ व्या वर्षापर्यंत वयाचे १०० गुण मिळतात. पुढे प्रत्येक वाढदिवसाला ५ गुण कमी होतात, आणि चाळिशीनंतर ही घट दुप्पट होते. सुनेला ९० गुण होते. कागदपत्रे जुळवता जुळवता फाल्गुनात तिला बत्तिसावे पूर्ण झाले आणि ८५ उरले. त्या दिवशी घरी पुरणपोळी झाली. पाच गुणांचा विषय कोणी काढला नाही.

त्यानंतर पाकिटाचा प्रसंग घडला. विद्यापीठाकडील गुणतक्ता अर्जदाराच्या हातून गेलेला चालत नाही. तो विद्यापीठाने स्वतः पाठवावा लागतो, किंवा विद्यापीठाने बंद करून, झाकणावर शिक्का व सही करून दिलेले पाकीट जसेच्या तसे संस्थेकडे पोचावे लागते. सुनेने पाकिटाची विनंती केली होती आणि पत्ता पेढीचा दिला होता. पाकीट आले त्या दिवशी ती मुलीला घेऊन दवाखान्यात होती. पेढीवर आलेले प्रत्येक टपाल उघडून आवक वहीत नोंदवायचे, हा मुनीमजींचा चाळीस वर्षांचा नियम. त्यांनी पाकीट कात्रीने व्यवस्थित कापले, आतील कागद मोजले, वहीत नोंद केली आणि सर्व अण्णांसमोर ठेवले. कागद तेच, मजकूर तोच. पण शिक्क्यावरून कात्री फिरली होती. पुन्हा शुल्क, पुन्हा विनंती, पुन्हा वाट पाहणे. मुनीमजी दोन दिवस जेवायला घरी गेले नाहीत. शेवटी सूनच डबा घेऊन पेढीवर गेली. ‘काका, नियम तुमचा बरोबरच होता, पत्ता मी चुकीचा दिला,’ असे म्हणून तिने तो विषय संपवला. दुसऱ्या वेळी पाकीट परस्पर रवाना झाले.

अहवाल आला. एम.कॉम. पदव्युत्तर पदवी म्हणून मान्य झाली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक एम.कॉम.चा निकाल असाच लागेल असे धरून चालू नये. शिक्षणाची वर्षे, संस्थेची मान्यता, अभ्यासक्रमाचे स्वरूप यांवर पातळी ठरते, आणि दोन मूल्यमापक संस्थांची मते वेगळी पडू शकतात. सनदी लेखापाल मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये सी.ए.ला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचे मानले, ते भारतापुरते. परदेशी मूल्यमापक स्वतःचा निर्णय घेतो. शिवाय हा अहवाल म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. लेखापाल, अभियंता, परिचारिका यांना तेथील प्रांतिक नियामक मंडळाची वेगळी परवानगी घ्यावी लागते.

अहवाल हाती आल्यावर सर्वांना वाटले की डोंगर संपला. सल्लागाराने तेव्हा अनुभवाचा कागद मागितला. मागील दहा वर्षांत किमान एक वर्ष सलग, कुशल श्रेणीतले आणि पगारी काम हवे. लग्नापूर्वी सून दोन वर्षे एका पतसंस्थेत होती. परंतु तिचे पद आणि काम कनिष्ठ लिपिकाचे, आणि कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणात हिशेबाचा लिपिक कुशल श्रेणीत येत नाही. संपूर्ण हिशेब सांभाळणारा येतो. संपूर्ण हिशेब तर ती पेढीचेच सांभाळत होती. जीएसटीची विवरणपत्रे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, बँकेच्या कॅश क्रेडिटचे मासिक साठापत्रक, सी.ए.कडे जाणारा ताळेबंदाचा कच्चा खर्डा, हे सर्व सहा वर्षे तिच्या हातून होत होते. पगार शून्य. घरच्या माणसाला पगार कसला, असे कोणी म्हटलेही नव्हते, कारण तो विचारच कोणाच्या मनात आला नव्हता.

सल्लागाराकडे उपाय तयार होता. मागील तारखांची पगारपत्रके करायची, रोखीने दिल्याचे दाखवायचे, पेढीच्या कागदावर अनुभवपत्र द्यायचे. ‘पेढी तुमचीच आहे, कोण विचारणार?’ कॅनडाच्या कायद्यात खोट्या माहितीबद्दल पाच वर्षांची प्रवेशबंदी आहे, हे तो सांगायला विसरला. अण्णांना ते ठाऊक नव्हते. त्यांना दुसरे ठाऊक होते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणे. पर्युषणात ते दरवर्षी ते ऐकत आले होते. ‘सहा वर्षे हिने काम केले हे खरे,’ ते म्हणाले. ‘आम्ही पगार दिला हे खोटे. खऱ्याला खोट्याचा आधार कशाला?’ सल्लागाराची उरलेली रक्कम चुकती करून त्यांनी त्याला मोकळे केले.

मुलाने विचारले, ‘मग अण्णा, आता काय?’

आता काय, याचा सरळ हिशोब असा. मूल्यांकनाचा अहवाल अर्जाच्या दिवशी पाच वर्षांपेक्षा जुना नसला की चालतो. म्हणजे तो एक वर्ष थांबू शकतो. वय थांबत नाही, आणखी ५ गुण जातील. इंग्रजीचे उत्तम गुण धरूनही बेरीज चारशेच्या थोडी वर जाते, आणि २०२४ मधील सर्वसाधारण फेऱ्यांत पाचशेच्या वर असलेल्यांनाच बोलावणे आले. एखाद्या प्रांताने नामांकन दिले तर ६०० गुण मिळतात, त्यामुळे ती वाट पाहावी लागेल. नोकरीच्या प्रस्तावाला पूर्वी मिळणारे जादा गुण मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. जाणे होईलच असे या घरी आता कोणी म्हणत नाही.

मुलाने नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.कॉम.साठी नाव घातले. जोडीदाराचे २ गुण त्यामुळे पुढे ८ होतील; सहा गुणांसाठी तीन वर्षे हा व्यवहार व्यापारी दृष्टीने आतबट्ट्याचाच. त्याचे शुल्क अण्णांनी पेढीतून न देता स्वतःच्या खात्यातून भरले. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मुलाने विचारले नाही.

१ एप्रिलपासून सुनेला पेढीत रीतसर नेमणूकपत्र मिळाले : कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, मासिक वेतन. प्राप्तिकर कायदा नातलगाला पगार देऊ नका असे म्हणत नाही. तो कामाच्या मानाने वाजवी असावा एवढेच पाहतो. रक्कम सी.ए.ना विचारून ठरली आणि ती दरमहा बँकेतून थेट तिच्या खात्यात जाईल असे ठरले. ३० एप्रिलला पहिला पगार निघाला. मुनीमजींनी खतावणी उघडली. सुनेच्या नावापुढे आजवर एकच सदर होते, ‘घरखर्च’. त्यांनी नवे पान काढले, वर ‘पगार खाते’ लिहिले आणि नावाशी येऊन थांबले.

‘सूनबाई, आडनाव कोणते घालू?’

‘पारपत्रावरचे घाला, काका,’ ती म्हणाली आणि ते कसे लिहायचे ते अक्षर अक्षर सांगितले.